नॅनोट्यूबचा वीजवाहक कागद: धुण्यात घाई नको

कोल्हापुरात प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येणारी एम.एस्सी.ची पोरं हटकून विचारतात, "मॅडम, कागद झाला, पण रोध एवढा का?" बहुतेक वेळा दोष नॅनोट्यूबचा, म्हणजे कागद ज्यांचा बनतो त्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा नसतो. आत राहिलेल्या साबणाचा असतो.

मल्टीवॉल (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूबची 50 मिलिग्रॅम पूड घ्या. वजन फ्यूम हूडमध्येच, म्हणजे हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच करा. खोलीतला पंखा बंद, हातात ग्लोव्ह्ज, तोंडाला एन-95 मास्क. या नळ्यांतल्या एका प्रकाराला 2014 मध्ये संभाव्य कर्करोगकारक गटात टाकलंय, त्यामुळे यात हयगय मला चालत नाही.

100 मिलि डिस्टिल्ड पाण्यात 1 टक्का ट्रायटन एक्स-100 (हाच तो साबण, नळ्या सुट्या ठेवणारा) मिसळून त्यात पूड टाका. एसडीएस हा दुसरा साबण मी वापरत नाही, बर्फात गार झालं की ते साकळतं. बीकर बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी दांडी) थांबत थांबत अर्धा तास चालवा. त्याहून फार ताणलं तर नळ्या तुटतात, सांधे वाढतात आणि वीज प्रत्येक सांध्यावर अडते. एक थेंब स्वच्छ पाण्यात सोडून बघा: शाईसारखा पसरला पाहिजे. कण दिसले तर अजून चालवा.

आता 47 मिमीच्या, 0.45 मायक्रॉनच्या टेफ्लॉन मेम्ब्रेनवर व्हॅक्यूमनं गाळा. मेम्ब्रेन पाणी धरत नसेल तर आधी अल्कोहोलनं भिजवा. थर मध्येच सुकला तर तडकतो, म्हणून पंप मी इन्व्हर्टरवरच लावते.

मग धुणं. थरावर डिस्टिल्ड पाणी हळूहळू सोडत राहा. खाली उतरलेलं थोडं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन, बूच लावून जोरात हलवा. काचेच्या कडेला फेसाची बारीकशी कडी जरी टिकली, तरी साबण आहे. परत धुवा. फेस पुरता थांबला की शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळ्यांमध्ये साबणाचा थर राहिला तर वीज पुढं जात नाही, सगळं गणित एवढंच आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर वाळवू नका. दोन फिल्टर पेपरांमध्ये ठेवून, वर काच ठेवून, 60 अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर राहू द्या. वजन नसेल तर कागद गुंडाळतो. वाळल्यावर बोथट चिमट्यानं कडेपासून सोडवा.

मल्टिमीटरच्या दोन टोकांवर विश्वास ठेवू नका, त्यात स्पर्शाचा रोध मिसळतो. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात 2 मिमी अंतरानं, एका ओळीत चार भोकं पाडून घ्या आणि स्प्रिंगच्या पिना बसवा. बाहेरच्या दोन पिनांतून 10 मिलिअँपिअर सोडा, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजा. 22 मिलिव्होल्ट आलं तर 22 भागिले 10, म्हणजे 2.2; त्याला 4.53 या चार पिनांच्या मोजणीच्या ठरलेल्या गुणकानं गुणा, म्हणजे चौरसाला (पातळ थराचा रोध असाच सांगतात) साधारण 10 ओहम. कडा सोडून मधल्या भागात पाच ठिकाणी मोजा. आकडे फार वरखाली झाले तर गुठळ्या राहिल्यात, सोनिकेटरपासून परत सुरुवात करा.