सी लायब्ररीची आतली फंक्शन्स लपवा, टेस्टसाठी उघडी करू नका

लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम चालताना वापरतात ती कोडची फाइल) बांधली की ‘स्टॅटिक’, म्हणजे एकाच फाइलपुरतं, नसलेलं प्रत्येक फंक्शन बाहेर दिसतं. दिसतं म्हटल्यावर कोणीतरी ते वापरतंच, आणि पुढे तुम्ही त्याचा एक पॅरामीटर बदललात की त्याचा प्रोग्रॅम कोसळतो.

लपवणं सोपं आहे. ‘एफव्हिजिबिलिटी=हिडन’ हा फ्लॅग जीसीसी या कंपाइलरमध्ये ४.० पासून, म्हणजे २००५ पासून आहे. तो सगळ्या फाइलींना लावा आणि बाहेर द्यायच्या फंक्शन्सना हेडरमध्ये ‘डिफॉल्ट’, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या, व्हिजिबिलिटीचा मॅक्रो लावा.

गाडी अडते ती टेस्टपाशी. आतली फंक्शन्स थेट बोलावणारी, कालपर्यंत चालणारी टेस्ट ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून लायब्ररीशी लिंकच होत नाही. इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे टेस्टच्या बिल्डमध्ये फ्लॅग काढून सगळं उघडं करा. अजिबात करू नका. मग तुम्ही तपासता एक बायनरी आणि लोकांना देता दुसरी. एखाद्या सार्वजनिक फंक्शनला मॅक्रो लावायचा राहिला, तर तुमच्या सगळ्या टेस्ट पास होतात आणि लिंकरची एरर वापरणाऱ्याच्या पदरी पडते.

खरं उत्तर ऑब्जेक्ट फाइलमध्येच (कंपाइलरने बनवलेल्या, अजून न जोडलेल्या .ओ फाइलमध्ये) आहे. फाइलमधल्या नावांची यादी दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ -एस’ने कुठलीही .ओ फाइल उघडून पाहा. लपवलेल्या फंक्शनच्या ओळीत ‘ग्लोबल’ आणि ‘हिडन’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतील. नाव ग्लोबलच असतं. ते बाहेरून बंद होतं शेअर्ड लायब्ररी लिंक होताना. म्हणून .ओ फाइली एकदाच कंपाइल करा आणि त्याच फाइली लायब्ररीलाही जोडा, टेस्टलाही. सीमेक या बिल्डच्या साधनात यासाठी ‘ऑब्जेक्ट’ प्रकारची लायब्ररी आहे. ‘स्टॅटिक’ फंक्शन मात्र असं मिळणार नाही. ते स्वतंत्रपणे तपासायचंच असेल तर ‘स्टॅटिक’ काढा आणि आतल्या हेडरमध्ये जाहीर करा. हिडन असल्याने बाहेर जाणार नाही.

सीमेकवाल्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. व्हिजिबिलिटीची सेटिंग ऑब्जेक्ट लायब्ररीवर हवी, कारण कंपाइल तिथे होतं. आणि किमान आवृत्ती ३.३ च्या खालची लिहिली असेल, तर ४.० च्या आधीचं सीमेक ऑब्जेक्ट लायब्ररीसाठी ती सेटिंग दुर्लक्षतं. एरर नाही, फार तर एक डेव्हलपर वॉर्निंग, आणि सगळी सिम्बॉल्स (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) उघडी.

अजून एक, आणि हे फार छळतं: ज्या टेस्टला .ओ फाइली जोडल्या, तिला तीच शेअर्ड लायब्ररी जोडू नका. लपवलेल्या ग्लोबल व्हेरिएबलच्या दोन प्रती तयार होतात. टेस्ट एकीत लिहिते, लायब्ररीतला कोड दुसरीतून वाचतो, आणि डीबगरमध्ये दोन्हीचं नाव एकच दिसतं.

शेवटी ‘एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली’ने दाखवलेली, लायब्ररीतून बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी रेपोत ठेवलेल्या यादीशी प्रत्येक बिल्डला ताडून पाहा, फरक दिसला की बिल्ड फेल करा. सार्वजनिक फंक्शन्सची एक वेगळी टेस्ट मात्र खऱ्या शेअर्ड लायब्ररीलाच जोडून चालवा.