नृत्यरचना जपायची तर नुसता व्हिडिओ पुरत नाही

नृत्यरचनाकार हयात असतानाच, नाहीतर निदान त्यांच्याबरोबर नाचलेली माणसं हाताशी असतानाच कामाला लागा.

पहिल्यांदा हक्कांचं बघा. आधुनिक नृत्यातल्या अमेरिकी नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम १९९१ मध्ये गेल्या आणि पुढे त्यांच्या रचना कोणाच्या यावरून खटला उभा राहिला. २००२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने बहुतेक रचना त्यांच्या नृत्यसंस्थेच्या ठरवल्या, मृत्युपत्रातल्या वारसाच्या नव्हे. ग्रॅहम त्या संस्थेत नोकरीला होत्या हे कारण त्यात महत्त्वाचं ठरलं. म्हणून प्रत्येक रचनेपुढे लिहा: कधी बसवली, तेव्हा मानधन कोण देत होतं, करार कुठे आहे. संगीत, वेशभूषा आणि प्रकाशयोजना यांचे हक्क वेगळे असतात, तेही नोंदवा.

मग टेप. चुंबकीय टेप १० ते ३० वर्षांत खराब होऊ लागते, आणि त्या वाजवणारी यंत्रं तर त्याआधीच मिळेनाशी होतात. बुरशी दिसली तर टेप मशिनमध्ये घालू नका. टेप वाचणारा भाग, म्हणजे हेड, खराब होतो आणि पुढच्या टेपलाही बुरशी लागते. डिजिटल करताना मूळ प्रत कमीत कमी कॉम्प्रेस केलेल्या स्वरूपात ठेवा, बघण्यासाठी हलकी प्रत वेगळी काढा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. जुन्या मूक फिल्मचा वेग हमखास चुकतो: सेकंदाला १६ किंवा १८ चौकटींनी घेतलेली फिल्म २४ ने चालवली की सगळे धावत सुटतात. संगीताची लय ठाऊक असेल तर तिच्याशी ताडून बघा.

खरं काम इथून पुढे. व्हिडिओत दिसतं ते त्या संध्याकाळी त्या नर्तकाने काय केलं एवढंच. सहाव्या काउंटला एखाद्या नर्तकीने पाऊल आखडतं घेतलं, ते रचनेत होतं की रंगमंच अरुंद होता म्हणून? हे तिलाच विचारावं लागतं. तिला व्हिडिओ दाखवत, जागोजागी थांबवत मुलाखत रेकॉर्ड करा आणि प्रत्येक उत्तरापुढे व्हिडिओची वेळ टाका. ‘तेव्हा कसं वाटलं?’ यातून फारसं हाती लागत नाही. ‘वजन कुठल्या पायावर? श्वास कधी? नजर कुठे? तालमीत काय सांगितलं होतं?’ असं विचारा. दोन नर्तकांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही ठेवा, तारखेसकट. बहुतेक वेळा रचनाच मधल्या काळात बदललेली असते.

नवं चित्रीकरण करत असाल तर एक कॅमेरा स्थिर, सगळा रंगमंच दिसेल असा हवाच. क्लोजअपमध्ये बाकीच्यांच्या जागा हरवतात. तालमीत पाठीमागूनही एकदा घ्या, कारण समोरून पाहून शिकणारा डावं-उजवं उलटं करतो. लॅबनोटेशन किंवा बेनेश या नृत्याच्या हालचाली लिहिण्याच्या लिप्या जाणणारी व्यक्ती मिळाली तर उत्तमच.

अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांची नृत्य कंपनी ठरवल्याप्रमाणे २०११ च्या अखेरीस बंद झाली, पण त्यांच्या रचनांचे डिजिटल संच तयार झाले: व्हिडिओ, ध्वनी, प्रकाशयोजनेचे आराखडे, वेशभूषेचे तपशील, टिपणं, सगळं एकत्र. तुमचाही संच रचनेनुसार लावा; माध्यमानुसार लावलात तर एका नृत्यासाठी पाच कपाटं उघडावी लागतील.

मणीकाम केलेले जड पोशाख हँगरला टांगू नका, खांदे फाटतात. आम्लरहित खोक्यात आडवे ठेवा आणि घड्यांमध्ये आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घाला.

संच पुरेसा झाला का हे बघायचं असेल तर ती रचना कधीच न पाहिलेल्या नर्तकाला त्यातली दोन मिनिटं बसवायला द्या. तो जिथे अडेल, तिथली नोंद अपुरी आहे.