बोअरच्या पंपाचा दणका: आवाज कधी येतो ते आधी बघा

पंप चालू-बंद होताना पाइपातून ‘धाड’ असा आवाज येतो आणि भिंतीतली लाइन हादरते. हा वॉटर हॅमर. वाहतं पाणी एकाएकी अडलं की दाबाची लाट तयार होते आणि ती पाइपभर मागेपुढे आपटत राहते. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली मांडलेल्या हिशेबाने बघितलं, तर लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबल्यास दाब सुमारे १२ बारने उसळतो. पीव्हीसी पाइपात तो कमी उसळतो, पण सांधे गळायला लावायला तेवढाही पुरतो.

आवाज आला की बरेच जण थेट अरेस्टर, म्हणजे दाबाचा झटका झेलणारं छोटं उपकरण, आणून बसवतात. तो विकत घेण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते ऐका. उपाय त्यावरच ठरतो.

पंप बंद होताना

संशय एनआरव्हीवर (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) घ्या. झुलत्या झडपेचा एनआरव्ही सावकाश मिटतो. तोवर वर चढलेलं पाणी उलटं फिरतं आणि झडपेला घेऊन आदळतं. त्या जागी स्प्रिंगचा एनआरव्ही बसवा. पाणी उलटायच्या आत तो मिटलेला असतो. बसवताना अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेला हवा. काम सुरू करण्यापूर्वी एमसीबी पाडा आणि कॉक उघडून लाइनमधला दाब पूर्ण उतरवा.

पंप सुरू होताना

हे दुखणं जास्त फसवं. लाइनवर दोन एनआरव्ही असतात तिथे पंपाजवळचा खालचा गळतो, वरचा मात्र घट्ट धरून असतो. पंप बंद असताना मधलं पाणी हळूहळू खाली उतरतं आणि तिथे पोकळी राहते. पुढच्या वेळी पंप सुरू झाला की पाणी त्या पोकळीतून सुसाट येऊन वरच्या मिटलेल्या झडपेवर आदळतं. दाब दाखवणाऱ्या गेजवर यातलं काहीच दिसत नाही, कारण वरच्या एनआरव्हीच्या पुढचा दाब जागच्या जागी असतो.

तपासायचं असं: पंप काही तास बंद ठेवा, वीज तोडा आणि वरच्या एनआरव्हीच्या अलीकडचा प्लग किंवा युनियन (खोलता येणारा सांधा) हळूच सैल करा. ‘सुस्स’ करून हवा आत ओढली गेली, की चोर सापडला. पाणीच बाहेर आलं तर खालची झडप बहुधा ठीक आहे. प्लग पुन्हा टेफ्लॉन टेप लावून आवळा.

खालचा एनआरव्ही बदलायला पंप वर काढावा लागतो. ते काम पंपवाल्यालाच द्या. नवा एनआरव्ही पंपापासून सात मीटरच्या आत हवा आणि पाण्याची पातळी उतरली तरी बुडालेला राहायला हवा. तो नीट धरत असेल तर वरच्याची सहसा गरज उरत नाही.

पंप सारखा चालू-बंद होत असेल तर

हे प्रेशर टँक असलेल्यांसाठी. टँकमधली हवा कमी झाली की नळ जरा उघडला तरी पंप लागतो, आणि दर वेळी एक दणका. वीज बंद करा, टँकचं पाणी पूर्ण सोडा, गेज शून्यावर येऊ द्या. मग टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा २ पीएसआय कमी हवा असायला पाहिजे, म्हणजे ३० ला सुरू आणि ५० ला बंद होणाऱ्या स्विचला २८. कमी असेल तर हवेच्या पंपाने भरा. पाणी टँकमध्ये असतानाच मोजलं तर आकडा चुकीचा येतो. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर आतला ब्लॅडर (रबरी पिशवी) फाटलाय. मग हवा भरून उपयोग नाही.

नळ बंद करताना

आता अरेस्टरची पाळी. वॉशिंग मशीनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. अरेस्टर त्याला जितका चिकटून बसेल तितका बरा. पंपाजवळ बसवलेला इथे कामाचा नाही. नुसता उभा, वरून बंद असलेला पाइपाचा तुकडाही चालतो, पण काही काळाने त्यात पाणी भरतं आणि लाइन रिकामी करून हवा परत आणावी लागते. पाव फेरीत बंद होणारा कॉक असेल तर तो सावकाश फिरवा, हे फुकटचं. आणि पाइप भिंतीवर खडखडत असेल तर रबर घातलेला क्लँप लावा. त्याने दाब कमी होत नाही, आवाज तेवढा कमी होतो, म्हणून वरचं सगळं तपासून झाल्यावरच.