'हँग्ड मॅन' वाचताना या चुका टाळा

टॅरो, म्हणजे प्रश्नांवर विचार करण्यासाठी वाचली जाणारी चित्रांची कार्डं. त्यात 'हँग्ड मॅन', म्हणजे उलटा टांगलेला माणूस, निघाला की समोरच्याचा चेहरा पडतो. कार्डं वाचणारा रीडरही "थांबावं लागेल, त्याग करावा लागेल" असं ठरलेलं वाक्य बोलून पुढच्या कार्डाकडे वळतो. मेजर अर्काना या मुख्य कार्डांच्या गटातल्या या बाराव्या कार्डावर असा अन्याय वारंवार होतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पाठ केलेले अर्थ आधी तोंडात येतात, चित्र नीट बघायचं राहून जातं.

अपराइट (सुलट) की रिव्हर्स (उलट)?

कार्ड पलटलं, माणूस डोकं खाली दिसला, की नवशिके त्याला रिव्हर्स समजतात किंवा नकळत फिरवून ठेवतात. डोकं खाली हीच त्याची मूळ स्थिती आहे. माणसाकडे न बघता आकड्याकडे बघा. रायडर-वेट-स्मिथ या डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या संचात, रोमन बारा (XII) वर आणि नाव खाली असेल तर कार्ड अपराइट. माणूस एका पायावर नाचतोय असं वाटलं तर रिव्हर्स.

हा गोंधळ आजचा नाही. कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ साली असं मांडलं की हे कार्ड मुळात विवेकाचं, म्हणजे पुढचं पाऊल जपून टाकणाऱ्या माणसाचं होतं आणि पत्ते बनवणाऱ्यांनी ते चुकून उलटं केलं. टॅरो प्राचीन इजिप्तमधून आल्याची समजूतही त्यानेच पसरवली. दोन्ही गोष्टींना आधार नाही, तरी दुसरी अजून सांगितली जाते.

फाशी समजणं

दोर कुठे आहे ते पाहा. गळ्यात नाही, उजव्या घोट्याला आहे. याच डेकसाठी चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९ मध्ये काढलेल्या चित्रात हा माणूस ज्या लाकडाला टांगलाय त्याला हिरवी पानं आहेत, म्हणजे ते जिवंत आहे. डोक्याभोवती प्रभावळ आहे. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. डावा पाय उजव्यामागे निवांत दुमडलेला आहे, शेवटच्या 'वर्ल्ड' कार्डातल्या नर्तिकेसारखाच. डेकमागची कल्पना ज्याची, त्या आर्थर वेटनेही स्पष्ट लिहिलंय की इथे आयुष्य थांबलेलं आहे, संपलेलं नाही. तेव्हा आजारपणाच्या प्रश्नावर हे कार्ड आलं म्हणून कुणाला घाबरवू नका. तब्येतीचा निर्णय डॉक्टरांचा, कार्डाचा नव्हे.

इतिहास विसरणं किंवा भलताच जोडणं

झाडाला नऊ रात्री टांगून घेणाऱ्या नॉर्स (उत्तर युरोपातल्या) पुराणकथांतल्या ओडिन देवाची कथा या कार्डाशी सर्रास जोडली जाते. ध्यानासाठी ती जरूर वापरा, पण उगम म्हणून सांगू नका. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला. तिथल्या शहरांत फितूर, दिवाळखोर, फसवणूक करणारे यांची बदनामीची चित्रं सार्वजनिक भिंतींवर रंगवत, बऱ्याचदा एका पायाने उलटं टांगून. फ्लोरेन्समध्ये १४४० साली बंडखोरांची अशी चित्रं काढल्यामुळे आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' हेच नाव पडलं. या कार्डाचं एक जुनं इटालियन नाव 'इल त्रादितोरे', म्हणजे गद्दार. काही जुन्या पत्त्यांत तर त्याच्या हातात पैशांच्या थैल्या आहेत.

वाचनात याचा उपयोग होतो. नोकरीत बदनामी झालेली, नात्यात दोषी ठरवली गेलेली व्यक्ती समोर असेल तर लोकांनी टांगलेला माणूस आणि प्रभावळ असलेला माणूस हे दोन्ही अर्थ एकाच कार्डात सापडतात. जगाने काय ठरवलं आणि आत काय चाललंय, यातलं अंतर तिच्याशी बोलता येतं.

"त्याग करा" असा सल्ला देणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. सासरच्या जाचाने पिचलेली बाई विचारते, "मी काय करू?" कार्ड येतं हँग्ड मॅन, आणि रीडर म्हणतो, "ताई, अजून थोडं सहन करा, फळ मिळेल." चित्रात असं काहीही नाही. वेटने या कार्डाच्या अर्थांत परीक्षा आणि त्याग घेतलेत, पण शहाणपण, सावधपणा, पारख आणि अंतःप्रेरणा यांच्या सोबतीने. यातला फक्त त्याग उचलायचा आणि आधीच सोसत असलेल्या माणसाच्या गळ्यात घालायचा, याला रीडिंग म्हणत नाहीत. त्या बाईला विचारा: हे सगळं तुम्ही आजवर ज्या बाजूने पाहिलं, ती बाजू कुणी ठरवली? उलट्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? पुष्कळदा उत्तर "मीच का सोसायचं?" असं येतं, आणि ते कार्डाशी पूर्ण सुसंगत आहे. मारहाण होत असेल तर मात्र कार्ड बाजूला ठेवा आणि मदत कुठे मिळेल ते आधी सांगा.

पुन्हा पुन्हा कार्ड काढणं

"काम कधी होईल?" याला हँग्ड मॅन आला की जीव टांगणीला लागतो, मग लगेच शफल करून दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. असं करू नका. तारीख हे कार्ड देत नाही. प्रश्नच बदला: "हे अडलंय तोवर मला काय वेगळं पाहता येईल?" स्पष्टीकरणासाठी फार तर एक कार्ड घ्या, त्याच प्रश्नाला पुन्हा हात घालायचा तो परिस्थितीत काही हललं की.