ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला सोबत जाताना

गावात जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली की पहिला फोन बहुधा पोलिसांना जात नाही, तो ओळखीच्या कार्यकर्त्याला येतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात असे फोन मी बरीच वर्षे घेत आले आहे. सगळे ज्याला ॲट्रॉसिटी म्हणतात तो १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम पुरेसा भक्कम आहे, परंतु त्याखालचा खटला उभा राहणार की कोसळणार हे पहिल्या चोवीस तासांत, फिर्यादीच्या दोन-चार पानांवरच बहुतांशी ठरून जाते, असा माझा अनुभव आहे. त्या पानांत पीडित व्यक्तीचे स्वतःचे शब्द उतरावेत आणि ते पुढे न्यायालयापर्यंत शाबूत राहावेत, एवढ्यासाठी आपण सोबत जायचे असते. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींसाठी ते कसे करावे हे इथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट जखमांची. कोणाला मार लागला असेल तर ‘आधी केस, मग दवाखाना’ असा क्रम कधीही ठेवू नये. सरळ सरकारी रुग्णालय गाठावे, मार कसा लागला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तशी नोंद झाली आहे ना ते पाहावे. खाजगी दवाखान्यात मलमपट्टी करून घरी आलेल्या माणसाची जखम चार दिवसांनी कागदावर सिद्ध करणे फार कठीण जाते. फाटलेला सदरा किंवा रक्ताचे डाग पडलेले लुगडे धुऊ नये, वेगळे बांधून ठेवावे. भांडणाचे चित्रीकरण ज्या फोनवर आहे तो मूळ फोन जपावा. चित्रफीत दुसऱ्याला पाठवून मूळ पुसून टाकली, की न्यायालयात तिचे मोल जवळपास संपते.

ठाण्यात जाताना पन्नास माणसे घेऊन जाण्याचा मोह होतो. राग खरा असतो आणि वस्तीला आपले बळ दाखवावेसेही वाटते. तरीही मी दोघांहून अधिक जणांना आत नेत नाही आणि फिर्यादी बाई असेल तर त्यांत एक बाई असतेच. गर्दीच्या दबावाखाली नोंदवलेली फिर्याद, असा शेरा समोरच्या वकिलाला पुढे आयता मिळतो, शिवाय रेटारेटीत एखादी काच फुटली तर त्याच वस्तीतल्या पोरांवर उलट गुन्हा दाखल होतो. ‘तुम्ही कोण, तुमचा काय संबंध?’ असे विचारले गेले तर आवाज न चढवता कलम १५-अ दाखवावे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाच्या बाराव्या पोटकलमानुसार स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क पीडिताला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आहे. या कलमाची छापील प्रत माझ्या पिशवीत नेहमी असते.

आत जाण्यापूर्वी झाडाखाली, टपरीवर, कुठेही निवांत बसून सगळी हकीकत एकदा ऐकून घ्यावी. मध्येच प्रश्न विचारू नयेत आणि कायद्यात बसेल असा शब्द तर मुळीच सुचवू नये. बोलणे पूर्ण झाल्यावर तारीख, वेळ, जागा, कोण कुठे उभे होते, आधीचा काही वाद होता का, कोणी पाहिले, कोणी सोडवले, हे वहीत टिपून घ्यावे. जे घडले नाही ते लिहायचे नाही, यावर मी अडून बसते. बांधावरून मारहाण झाली आणि जातीचा उल्लेखच झाला नाही, तर ‘ताई, तेवढं एक वाक्य घाला’ असे कोणी कितीही विनवले तरी ते घालू नये. त्या एका खोट्या वाक्यामुळे उलटतपासणीत खरी मारहाणसुद्धा संशयास्पद ठरते आणि पुढच्या गावातल्या खऱ्या फिर्यादीकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. जातीचे नाव उच्चारले गेले नसले तरी कायद्याचा मार्ग बंद होतोच असे नाही. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना केलेली दुखापत किंवा दिलेली धमकी यांसारखे, अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेले गुन्हे कलम ३(२)(व्हीए) खाली येतात. आरोपी फिर्यादीला किंवा तिच्या घरच्यांना ओळखत असेल तर तिची जात त्याला माहीत होती असे कलम ८ नुसार न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. त्यामुळे आरोपी किती वर्षांपासून ओळखतो, कोणत्या नावाने हाक मारतो, त्याच्या शेतात कधी कामाला गेलो होतो का, ही साधी वाटणारी माहिती फिर्यादीत हवीच.

सर्वांत अवघड भाग शब्दांचा असतो. पाण्याच्या टाकीवर हंडा लावण्यावरून एका साठीच्या मावशींना गावातल्या तरुणाने शिव्या दिल्या होत्या. ठाणे अंमलदाराने सवयीने लिहिले, ‘जातीवाचक शिवीगाळ केली’, आणि पुढच्या ओळीवर गेला. मी त्याला थांबवून म्हटले की तो नेमके काय बोलला ते मावशींच्या तोंडून लिहून घ्या. मावशी पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ते पुन्हा तोंडानं काढायला लावू नका, ताई. सगळ्यांदेखत एकदा ऐकलं, तेवढं बास झालं.’ त्यांना घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले, पाणी दिले, आणि ते शब्द त्यांनी एकदाच माझ्या कानात सांगावेत, मी कागदावर लिहीन, मग आत वाचून दाखवले की त्यांनी फक्त बरोबर आहे एवढे म्हणावे, असे ठरले. अर्ध्या तासाने ते वाक्य जसेच्या तसे फिर्यादीत आले. ती शिवी मी इथे लिहिणार नाही, पण फिर्यादीत ती अक्षरशः लागते, कारण ‘जातीवाचक शिवीगाळ’ हा अंमलदाराचा निष्कर्ष झाला, तो पुरावा नव्हे. कलम १८ नुसार या गुन्ह्यांत अटकपूर्व जामीन मिळत नाही, मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ही बंदी लागू होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. शब्द मोघम राहिले की आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला नेमके त्याच जागी बोट ठेवतो.

तेवढेच महत्त्व ‘सगळ्यांदेखत’ या शब्दाला आहे. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) यांसाठी अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणीही हजर नसताना दिलेली शिवी या दोन कलमांत बसत नाही असे २०२० च्या दुसऱ्या एका निकालात म्हटले आहे, तर जागा खाजगी असली तरी, उदाहरणार्थ घराच्या फाटकाजवळ, लोकांना दिसत-ऐकू येत असेल तर ती पुरते, हे २००८ च्या निकालापासून स्पष्ट आहे. म्हणून टाकीवर त्या वेळी कोण कोण पाणी भरत होते, रस्त्यावरून कोण चालले होते, त्यांची नावे फिर्यादीतच यावीत. साक्षीदार सगळेच आपल्या वस्तीतले नसतील तर अधिक बरे, पण दुसऱ्या आळीतल्या माणसाचे नाव त्याला न विचारता घालू नये. तो पुढे फितूर झाला तर खटल्याचे नुकसान होते आणि ज्याला गावात राहायचे आहे त्या माणसालाही आपण नाहक पेचात टाकतो.

जातीच्या रकान्याकडेही नीट पाहावे. आपल्याकडे अनेक जण अभिमानाने ‘बौद्ध’ एवढेच सांगतात. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण कागदावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख नसला तर आरोपीच्या वकिलाला वाद घालायला जागा मिळते. जी ओळख आजोबांनी १९५६ नंतर टाकून दिली तीच नातवाने पोलिसासमोर उच्चारायची, याचा त्रास मला दर वेळी होतो. तो त्रास आपल्यालाही समजतो असे फिर्यादीला सांगावे आणि ‘बौद्ध’ या शब्दासोबत मूळ जातही लिहून घ्यावी. जातीचा दाखला सोबत असेल तर प्रत द्यावी, नसेल तर तो नंतर देता येतो, त्यासाठी फिर्याद अडवता येत नाही. आरोपीची जातही नोंदवून घ्यावी, कारण तो अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे अभियोग पक्षाला दाखवावे लागते.

फिर्याद घेण्याचे टाळले जाते ते बहुधा सरळ नकार देऊन नव्हे. ‘एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) घेतो’, ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करतो’, ‘आमची हद्द नाही’, ‘तंटामुक्ती समितीत बसून मिटवा, एका गावात राहायचंय’, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. प्राथमिक चौकशीचे कारण पुढे केले तर २०१८ मध्ये आलेले कलम १८-अ दाखवावे, त्यात या अधिनियमाखालील गुन्हा नोंदवण्यासाठी अशी चौकशी आवश्यक नाही असे स्पष्ट म्हटले आहे. हद्दीचे कारण असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे सांगावे. तरीही टाळाटाळ झाली तर वाद घालत रात्र काढू नये. तीच हकीकत लेखी करून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवावी, पावती जपावी, ठाण्यात किती वाजता गेलो आणि कोण भेटले हे त्यात लिहावे, आणि १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार द्यावी. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकासाठी कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. हे कलम धमकीसारखे तोंडावर फेकू नये. अर्जात शांतपणे नमूद करावे. त्याचा परिणाम अधिक होतो असे मी पाहिले आहे.

सही करण्यापूर्वी फिर्याद पूर्ण वाचून दाखवणे हे कलम ४ नुसार पोलिसांचे कर्तव्यच आहे. रात्रीचे दोन वाजलेले असतात, लेकरू मांडीवर झोपलेले असते, घरी जायची घाई असते, तरी ते वाचन सोडू नये. वाचताना तीन ठिकाणी कान टवकारावेत: शिवीचे शब्द, साक्षीदारांची नावे आणि घटनेचे कारण. ‘किरकोळ कारणावरून वाद झाला’ हे वाक्य पोलिसी भाषेत फार सहज येते आणि जातीचा सगळा संदर्भ तेवढ्यानेच पुसून जातो. २००६ मधल्या खैरलांजीच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध मानला नाही. एवढ्या भयंकर प्रकरणात जे झाले ते टाकीवरच्या भांडणात किती सहज होईल, हे मनात ठेवून वाचन ऐकावे. प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते, ती हातात घेतल्याशिवाय निघू नये.

पुढचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायचे असते. तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावा. या काळात गावात दोन गोष्टी घडण्याची शक्यता असते. पहिली म्हणजे उलट फिर्याद, ज्याला आपण ‘क्रॉस’ म्हणतो. तीत साखळी हिसकावल्याचा किंवा विनयभंगाचा आरोप असतो. त्यासाठी घटनेच्या वेळी वस्तीतला कोण कुठे होता हे आठवण ताजी असतानाच लिहून ठेवावे. दुसरी म्हणजे बहिष्कार. किराणा मिळेनासा होतो, पिठाची गिरणी बंद असल्याचे सांगतात, मजुरीला बोलावणे थांबते. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा कलम ३(१)(झेडसी) खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात काय उत्तर मिळाले याची रोज नोंद ठेवावी. प्रकरण रेंगाळले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीकडे लेखी द्यावे. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी.

मदतीच्या रकमेविषयी लाज बाळगू नये आणि तिच्यासाठी कोणाला फिर्याद द्यायलाही लावू नये. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार अपमान आणि शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाख रुपये ठरवले आहेत: २५ टक्के गुन्हा नोंदवल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र गेल्यावर आणि उरलेले २५ टक्के शिक्षा झाल्यावर. अर्जाचा पाठपुरावा समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावा. ‘पैशासाठी केस केली’ हा टोमणा येणारच. बुडालेली मजुरी आणि कोर्टाच्या फेऱ्या यांपुढे पहिले पंचवीस हजार किती दिवस पुरतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे ते असे बोलत नाहीत.

तडजोडीचा निरोप येतो तेव्हा कार्यकर्त्याची खरी कसोटी लागते. पाटलांच्या वाड्यावरून माणूस येतो, मग नातेवाईक येतात, मग घरातलाच कोणी म्हणतो की आता पुरे. अशा वेळी चळवळीची शपथ घालून कोणालाही अडवू नये, कारण उद्या सकाळी त्याच टाकीवर हंडा घेऊन मावशींना जायचे असते, मला नाही. माघार घेतली तर काय होईल, साक्ष फिरवली तर काय होईल आणि संरक्षण कोणाकडे मागता येईल हे सरळ सांगावे. कलम १५-अ खाली विशेष न्यायालयाकडे संरक्षण, प्रवासखर्च आणि गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसनही मागता येते. मग निर्णय त्यांच्यावर सोडावा आणि तो कोणताही असला तरी घरी जाणे-येणे थांबवू नये.

आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हाही कलम १५-अ मधला हक्क आहे. सूचना न देता जामीन झाला असेल तर सरकारी वकिलांच्या लक्षात आणून द्यावे. सगळ्या कागदांच्या तीन प्रती काढाव्यात. एक वकिलाकडे, एक आपल्याकडे आणि मूळ फिर्यादीच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत. मावशींनी ती पिशवी ज्वारीच्या कणगीत खोल घातली आहे, आणि तारखेच्या आदल्या रात्री त्यांचा नातू ती काढून त्यांना फिर्याद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो.