दुसऱ्याची सवय डोक्यात जाते तेव्हा नेमकं काय करावं

शेजारच्या टेबलावरचा माणूस पेनाचं बटण टिकटिक करत बसतो. प्रवासात मागच्या सीटवर कुणीतरी हेडफोन न लावता व्हिडिओ बघत असतं. घरातलं एक माणूस कपाटाचं दार रोज उघडं टाकतं आणि रिकामी झालेली बाटली तशीच फ्रीजमध्ये ठेवून देतं. यातली एकही गोष्ट भांडण काढावं इतकी मोठी नाही, म्हणून आपण गप्प बसतो. मग एक दिवस पारा चढतो आणि तोंडातून असं काही निघून जातं की समोरचा चक्रावतो. त्याच्या दृष्टीने ती आजची एकच टिकटिक असते. आपल्या डोक्यात मात्र महिनाभराची साठलेली असते.

लुईव्हिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल कनिंगहॅम यांनी या प्रकाराला ‘सामाजिक ॲलर्जी’ म्हटलं आहे. पहिल्यांदा नुसतं खटकतं, पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की दर वेळी आपली प्रतिक्रिया वाढत जाते. म्हणूनच माझा आग्रह आहे की खटकणारी गोष्ट लहान आहे तोवरच, थोडक्या शब्दांत सांगून टाकावी. भिडेपोटी गप्प राहणाऱ्यांना हे अवघड वाटतं याची मला कल्पना आहे. म्हणून ते कसं करायचं, हे एकेक पायरी घेऊन बघू.

१. माणसाचं नको, वागण्याचं वर्णन करा

‘तो फार बेफिकीर आहे’ हा निकाल झाला. ‘दुपारच्या मीटिंगमध्ये तो फोन स्पीकरवर ठेवून बोलला’ हे वर्णन झालं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर जे दिसेल किंवा ऐकू येईल, तेवढंच कागदावर एका ओळीत लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर राग बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी आहे, आणि या माणसाशी बोलून तो जायचा नाही.

निकालाकडे आपली उडी फार पटकन जाते. आपल्याला उशीर झाला तर वाटेत खोळंबा झालेला असतो, दुसऱ्याला झाला तर त्याला वेळेची किंमत नसते. परिस्थिती बाजूला सारून सगळा दोष स्वभावावर टाकायच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली ‘मूलभूत आरोपण-प्रमाद’ असं जड नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल. बोलायला जाण्याआधी एवढंच स्वतःला विचारा, की हे वागणं माझ्याकडून झालं असतं तर मी काय कारण दिलं असतं? तेच कारण समोरच्याकडेही असू शकतं.

याच पायरीवर दोन गोष्टी वेगळ्या काढा. नकोसा स्पर्श, पाठलाग, धमकी, जाणूनबुजून केलेला अपमान या ‘सवयी’ नाहीत. तिथे गोड शब्दांत विनंती करत बसू नका, सरळ मदत मागा. दुसरी गोष्ट आवाजांची. चघळण्याच्या, भुरके मारण्याच्या किंवा श्वासाच्या आवाजाने काही जणांच्या अंगाचा अक्षरशः तिळपापड होतो. छाती धडधडते, तिथून पळून जावंसं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबोफ यांनी २००१ साली वापरात आणलं. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की असे आवाज कानावर पडले की या लोकांच्या मेंदूतला एक विशिष्ट भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त चेतवला जातो. हा हट्टीपणा नाही आणि नाजूकपणाही नाही. असा त्रास होत असेल तर आजूबाजूच्यांना सुधारण्याआधी कानाच्या डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घरच्यांनाही स्पष्ट सांगा, म्हणजे जेवताना तुम्ही का उठून गेलात, याचा भलता अर्थ निघत नाही.

२. हा माणूस उद्या भेटणार आहे का?

उद्या न भेटणाऱ्या माणसाला वळण लावण्यात शक्ती घालवू नका. जागा बदलता येते का, ते आधी बघा. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष करणं कठीण का जातं, हे इथे माहीत असलेलं बरं. लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकाच बाजूचं बोलणं लक्ष जास्त विचलित करतं. पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून मेंदू ते सोडायला तयार होत नाही. तेव्हा ‘मनावर घेऊ नकोस’ असं स्वतःला बजावून काही होत नाही. चार रांगा पुढे जाऊन बसा किंवा इअरप्लग घाला, ते उपयोगी पडतं.

सुटकेचा रस्ता आधीच ठरवून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७० च्या आसपास काही प्रयोग केले. लोकांना मध्येच केव्हाही येणारा मोठा आवाज ऐकवला आणि त्यातल्या काहींना सांगितलं की हे बटण दाबलं की आवाज बंद होईल. बहुतेकांनी बटण दाबलंच नाही. तरी नंतर दिलेल्या कामात ही मंडळी जास्त चिकाटीने टिकली आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. बॅगेत इअरप्लग आहेत आणि मी उठून दुसरीकडे जाऊ शकतो, एवढी खात्रीसुद्धा कामाची असते.

रांगेत घुसणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. तिथे अनोळखी माणसाला बोलावंच लागतं. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. तो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. घुसणाऱ्याच्या लगेच मागे उभी असलेली माणसं गप्प राहिली, की बाकीची रांगही बहुतेक वेळा गप्पच राहत होती. म्हणजे तुम्ही त्याच्या बरोब्बर मागे असाल तर बोलायची पाळी तुमची. आवाज न चढवता ‘रांग तिकडून आहे, शेवट तिथे आहे’ म्हणा आणि हाताने दाखवा. त्याला खरंच दिसलं नसेल तर मान न घालवता मागे जायची वाट त्यातून मिळते.

३. वेळ साधा, टोमणा गिळा

रागाच्या भरात बोलू नका, पण आठवडाभर घोळवतही बसू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना आणि समोरचा घाईत नसताना बोला. आधी मैत्रिणीला फोन करून तासभर मन मोकळं करण्याचा मोह होतो. तो फारसा उपयोगाचा नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात, ज्याच्यावर राग होता त्याची आठवण काढत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग इतरांपेक्षा जास्त राहिला. काहीही न करता दोन मिनिटं शांत बसलेले नंतर सगळ्यांत कमी आक्रमक वागले. तेव्हा चक्कर मारून या, पाणी प्या, पण तीच कथा पुन्हा पुन्हा उगाळू नका.

टोमण्याबद्दल माझं मत ठाम आहे: टोमणा मारून एकही सवय सुटत नाही. ‘काही लोकांना दरवाजा लावायला शिकवलेलं नसतं वाटतं!’ हे ज्याला कळतं तो दुखावतो आणि पुढच्या संधीची वाट बघतो. ज्याला कळत नाही, तो दुसऱ्या दिवशीही दार उघडंच टाकतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच. भांडी आदळणं, मोठ्याने सुस्कारे सोडणं, एकाला उद्देशून सगळ्या ग्रुपवर ‘कृपया सर्वांनी लक्ष द्यावे’ असा मेसेज टाकणं, ही सगळी त्याच जातीची. ग्रुपवरचा मेसेज तर ज्याच्यासाठी असतो तो सोडून बाकी सगळ्यांना लागतो.

४. वाक्य आधी जुळवून ठेवा

चार गोष्टी आल्या की वाक्य उभं राहतं: काय घडतं, त्याने मला काय होतं, मला काय हवं आहे आणि का. ‘तू नेहमीच’, ‘तुला कधीच’ ही सुरुवात टाळा, कारण समोरचा लगेच एखादा अपवाद शोधून काढतो आणि मूळ विषय राहतो बाजूला. बोट समोरच्याकडे न रोखता स्वतःवर काय परिणाम होतो तिथून सुरुवात करायची पद्धत मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६० च्या दशकात पालकांना शिकवायला सुरुवात केली. मोठ्यांशी बोलतानाही ती तितकीच लागू पडते.

एका खोलीत राहणाऱ्या दोघींचं उदाहरण घेऊ.

“अगं, तुझा अलार्म साडेपाचपासून दर दहा मिनिटांनी वाजतो. मला सातला उठायचं असतं, पण पहिल्या अलार्मनंतर माझा डोळाच लागत नाही. तू खरंच उठतेस त्या वेळेचा एकच लावशील का?”

“एकाने मला जागच येत नाही गं.”

“मग फोन उशाशी ठेवू नकोस, त्या टेबलावर ठेव. बंद करायला उठावंच लागेल.”

“बघते. आज ठेवते तिकडे.”

यात ‘तुला दुसऱ्याची पर्वाच नाही’ कुठे आलं नाही. मागणं एवढं नेमकं होतं की ते आज रात्रीच करून बघता आलं. ‘जरा समजून घेत जा’ एवढ्यावर सोडलं असतं तर उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे तिला कळलंच नसतं.

कारण सांगायला विसरू नका. एलन लँगर यांच्या १९७८ मधल्या प्रयोगात झेरॉक्सच्या रांगेत ‘पाच पानं आहेत, मी आधी करू का?’ एवढंच विचारलं तेव्हा ६० टक्के लोकांनी वाट दिली. ‘घाईत आहे’ असं कारण जोडलं तेव्हा ९४ टक्क्यांनी दिली. पानं २० झाल्यावर मात्र खरं कारण सांगूनही ४२ टक्केच तयार झाले. म्हणून मागणं लहान ठेवा, आणि एका वेळी एकच. अलार्मचं बोलायला गेलात तर ओल्या टॉवेलचा विषय काढू नका.

नात्याप्रमाणे सूर बदलतो, मुद्दा पातळ होता कामा नये. शेजारच्या वडीलधाऱ्यांना: “काका, एक विनंती होती. रात्री अकरानंतर टीव्हीचा आवाज आमच्या झोपायच्या खोलीत स्पष्ट येतो. मुलीला सकाळी लवकर उठायचं असतं. तेवढा अकरानंतर कमी कराल का?” वरिष्ठांना: “सर, रात्री उशिरा मेसेज आला की तो लगेच बघावा की सकाळी, हे कळत नाही. तातडीचं असेल तर फोन कराल का? बाकीचं मी सकाळी आल्याआल्या बघते.” दोन्हीकडे आदर पूर्ण आहे. ‘तसं विशेष काही नाही, पण जमलं तर…’ अशी सुरुवात केली असती तर काकांनी ‘बरं बरं’ म्हणून सोडून दिलं असतं. भीड ही भिकेची बहीण, ती इथेच आडवी येते.

५. सांगून झालं की थांबा

वाक्य संपलं की आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण स्पष्टीकरणं देत सुटतो, नाहीतर जुनी उदाहरणं काढतो. ते करू नका. समोरच्याला दोन क्षण ओशाळू द्या. तो म्हणेल, ‘तूही फोनवर मोठ्याने बोलतोस.’ खरं असेल तर लगेच मान्य करा आणि तुमचंही बदला; अशी देवाणघेवाण झाली की दोघंही शब्द पाळतात. बदल दिसला तर त्याच दिवशी ‘आज झोप छान लागली’ एवढं आवर्जून सांगा. जुनी सवय मध्येच डोकं वर काढणारच. तेव्हा पहिल्यापासून सगळं मांडू नका, एका शब्दाची आठवण पुरते.

६. तरीही फरक पडला नाही तर

माणूस हलत नसेल तर वस्तू हलवून बघा. खुर्च्या ओढल्याचा आवाज येत असेल तर पायांना चिकटवायच्या फेल्टच्या चकत्या स्वतःच नेऊन द्या. आपटणाऱ्या दाराला रबरी पट्टी लावा. चार्जर कुणीतरी उचलून नेत असेल तर त्या जागेसाठी दुसरा आणून ठेवा. दोघांचे कप एकमेकांत मिसळत असतील तर रंग वेगळे घ्या. ‘मीच का करू?’ हा प्रश्न रास्त आहे. पण दोन मिनिटांच्या कामाने रोजची चिडचिड जाणार असेल तर मी ते काम करायला सांगेन.

तेही जमण्यासारखं नसेल आणि त्रास कामावर किंवा झोपेवर येत असेल, तर ज्याला तिथे निर्णय घ्यायचा अधिकार आहे अशा तिसऱ्या माणसाकडे जा. ऑफिसात टीमचा प्रमुख, इमारतीत व्यवस्थापन बघणारी मंडळी, वसतिगृहात वॉर्डन. जाण्याआधी त्या माणसाला कल्पना द्या, नाहीतर पाठीमागे चुगली केल्यासारखं होतं. तिथेही काय घडतं, किती वाजता आणि आतापर्यंत कितीदा सांगितलं, एवढंच बोला. त्याच्या स्वभावाबद्दल मत देऊ नका. शक्यतो एका माणसाविरुद्ध तक्रार न करता सगळ्यांना लागू होईल असा नियम मागा: शांततेची वेळ, फोनवर बोलायची वेगळी जागा, सामायिक वस्तू परत ठेवायची ठरलेली जागा. जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत सगळ्यांना लिहून पाठवा, म्हणजे पुढे ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणायला कुणाला जागा उरत नाही.