हळकुंडातलं शिसं: घेताना काय पाहावं

घरात लहान मूल असेल तर सुटी हळदपूड नको. हळकुंडं घ्या आणि डोळ्यांदेखत दळून आणा; हळदीची पेठ असलेल्या सांगलीत राहून पुडीवर विसंबायचं कारणच नाही.

पिवळंधमक, चकचकीत हळकुंड टाळा. पॉलिश करताना रंग उठावा म्हणून लेड क्रोमेट ही शिशाची पिवळी पूड चोळण्याची भेसळ होते, आणि त्यात वजनाने सुमारे ६४ टक्के शिसं असतं. चांगलं हळकुंड वरून मळकटच दिसतं, खरा रंग मोडल्यावर आत सापडतो. दोन-तीन हळकुंडं ग्लासभर पाण्यात न ढवळता सोडा. लगेच गडद पिवळा रंग सुटला तर माल परत करा. पाणी स्वच्छ राहिलं तरी पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. आम्ल टाकून गुलाबी रंग पाहायची कृती मेटॅनिल यलो या भेसळीच्या कृत्रिम पिवळ्या रंगासाठी आहे, शिशासाठी नाही. उकळून किंवा भाजून शिसं जात नाही.

शंका असल्यास डॉक्टरांना विचारून मुलाच्या शिरेतल्या रक्तातलं शिसं तपासा. सोबत हिमोग्लोबिनही पाहा, कारण लोह कमी असलं की आतडी शिसं जास्त ओढतात. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर आधी स्रोत शोधून बंद करायचा. हळदीखेरीज काजळ आणि दारं-खिडक्यांचा पोपडे आलेला जुना ऑइलपेंटही तपासा.